ससा पळाला नाही

गावाच्या जैवविविधता नोंदवहीत एक रकाना असतो, ‘संख्या कमी होण्याचे कारण’. तो रकाना भरायला गावाने मला बोलावलं आणि तो मी खोटा भरला. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला उगाच मोठेपणा द्यायला नको.

मी नाशिकला गंगापूर रोडला राहते. रिटायर होईपर्यंत शाळेत विज्ञान शिकवलं. सासरची शेती देवळ्याच्या बाजूला आहे, ती धाकटे दीर कसतात. नवरा गेल्यापासून हिवाळ्यात महिना-दीड महिना मी तिकडेच असते. मागच्या हिवाळ्यात गेले तर तिसऱ्याच दिवशी सरपंच ओट्यावर हजर. म्हणाले, “मॅडम, तुम्ही विज्ञानाच्या. ही वही तेवढी भरून द्या. वरून लय फोन येतायत.” मला कुणी विज्ञानाच्या म्हटलं की मी लगेच पाघळते. हो म्हणून बसले.

मग वही काखेत मारून मी घरोघर हिंडले. ससा? होता, आता कुठं. तितर? लावरी? बांधाबांधाला होती, आता औषधाला सापडत नाही. कोल्हा? मागच्या पिढीत. बरं, कशामुळे कमी झाले? तर ज्याच्या त्याच्या तोंडी एकच उत्तर, “हवामान बदललं ना मॅडम.” चहाच्या टपरीवालाही तेच म्हणाला, आणि त्याने तर आयुष्यात ससा रस्सा म्हणूनच पाहिलेला.

हवामान बदललंय, मी काही आंधळी नाही. दिवाळी उलटली तरी पाऊस पडतो, ऐन थंडीत आभाळ भरून येतं, काढणीच्या तोंडावर गारा पडतात. कांद्याच्या पातीवर करपा आला की आमच्या घरात दोन दिवस कुणी कुणाशी धड बोलत नाही. पण ससा म्हणजे काय कांदा आहे का, करपा पडायला? सासरे सांगायचे, मोठ्या दुष्काळात माणसं गाव सोडून गेली, ससे इथेच होते. मला ते उत्तर काही पचेना.

म्हणून एके दिवशी सकाळी मी सरळ नाल्यापलीकडच्या गायरानात गेले. तिथे ना पाणी, ना पीक, नुसतं कुसळाचं माळरान. तास-दीड तास वाकून वाकून पाहिलं. जागोजागी सशाच्या लेंड्या, ताज्या. दोनदा पायाखालून तितर भुर्रकन उडाले. मग नाला ओलांडून आमच्या हिरव्यागार, ठिबकवाल्या शिवारात तेवढाच वेळ काढला. एक लेंडी नाही. अरे, नाल्याच्या अलीकडे एक हवामान आणि पलीकडे दुसरं, असं कधी असतं का? कंबर धरून बांधावर बसले तेव्हा दिसली ती दोन तितरं. मक्याच्या कडेला, पाय वर करून मेलेली. त्यांच्या चोचींना तपकिरी भुसा चिकटला होता. हुंगून पाहिला तर गुळाचा वास.

तो भुसा मी ओळखला. ओळखणारच, त्याची कृती दिरांना मीच वाचून दाखवली होती. मक्यावर लष्करी अळी पडली की भाताचा कोंडा आणि गूळ रात्रभर आंबवायचा, सकाळी त्यात औषध कालवायचं आणि हातमोजे घालून चिमूट चिमूट मक्याच्या पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या पानांच्या सुरळीत, सोडायचं. आमच्याकडे कीटकनाशकाला औषधच म्हणतात. माहितीपत्रकावरची अक्षरं बारीक, दिरांचा चष्मा फुटलेला, म्हणून मी मोठ्याने वाचलं होतं. पोंग्यात, असंच वाचलं होतं. इथे तर मुठीमुठीने बांधावर आणि सरीत फेकलेलं दिसत होतं.

घरी येऊन विचारलं, “भाऊजी, ते आमिष पोंग्यात टाकायचं असतं ना? बांधावर कशाला फेकलंत?”

“मजूर कुठंय वहिनी? सगळी माणसं कांदा लागवडीला गुंतलीत. पोंग्यापोंग्यात वाकत कोण बसंल? अळी येईल की चालत गुळाला.”

“अळी येवो न येवो, तितरं येऊन मरताहेत. दोन पाहिली मी.”

“थंडीनं मेली असतील. हवामान काय कमी खराब हाय का!” असं म्हणून ते पाणी धरायला निघून गेले. वाईट माणूस नाही हो. पण त्या आठवड्यात रोप वाढून चाललेलं, वीज दिवसाआड, त्यांना तितराचं काय कौतुक असणार.

मी तेव्हाच ओरडायला हवं होतं. ओरडले नाही, त्याला कारण होतं.

पेठ-सुरगाण्याकडची डोंगरातली माणसं भाताची कापणी झाली की आमच्याकडे कांदा लावायला उतरतात. शिवारात त्यांची पाच पालं होती. त्यातलं एक जोडपं वर्षानुवर्षं आमच्याच विहिरीजवळ उतरायचं. ती बाई टोळीच्या पुढे असायची. उकिडवी बसून दोन्ही हातांनी रोप खोचत अशी सरसर सरकायची की बाकीच्या बायका धापा टाकायच्या. यंदा दिरांनी त्या दोघांना विहिरीजवळची पक्की खोली वर्षभर राहायला देऊ केली होती. पाऊस संपला की उतरायचं, ऊन तापलं की चढायचं, हेच तिने जन्मभर केलेलं. यंदा पहिल्यांदा एका जागी राहायला मिळणार होतं. तिने आल्या आल्या खोली सारवून घेतली आणि मला हात धरून दाखवायला नेली. “बाई, दाराला कडी हाय,” असं दोनदा म्हणाली. पालाला कडी नसते, हे माझ्या तोवर डोक्यातच आलं नव्हतं.

आणि नेमकं त्याच आठवड्यात कुणालातरी ओढ्याकाठी तारेचा फास सापडला. झालं! संध्याकाळी आमच्या ओट्यावर माणसं जमली. “मॅडम, कारण सापडलं. लिहा, शिकार. या डोंगरवाल्यांनीच खाऊन संपवलं सगळं.” दुसरा म्हणाला, ग्रामसभेत वही वाचली की लगेच फॉरेस्टवाल्यांना बोलावू आणि पालं उठवू. खोलीबिली काही नाही, लागवड झाली की चालते व्हा. मी दिरांकडे पाहिलं. ते खाली मान घालून तंबाखू मळत बसले होते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच, आणि चोर आमच्याच घरातला.

माझी पंचाईत अशी झाली की शिकार लिहिलं तर त्या बाईची खोली जाणार, आणि आमिष लिहिलं तर दिरांवर केस होणार आणि कृती वाचून दाखवली म्हणून माझ्यावरही. रात्रभर तळमळले. सकाळी पेन घेतलं आणि ससा, तितर, लावरी, कोल्हा, सगळ्यांपुढे एकच लिहिलं, ‘हवामान बदल’. हवामानावर केस होत नाही आणि हवामानाला कुणी शिवारातून उठवत नाही. साप मरावा आणि काठीही मोडू नये, असं काहीतरी साधलं म्हणून मी स्वतःवर खूश होते. ग्रामसभेत वाचून दाखवलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. फासाचा विषय निघालाच नाही. मॅडमनी कसं शास्त्रशुद्ध लिहिलंय, असं सरपंच म्हणाले. दिरांनी सुटकेचा निःश्वास सोडला, तो मला तीन खुर्च्या सोडून ऐकू आला. पालाकडच्या माणसांनाही कळलं की मॅडममुळे आपण वाचलो.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी, दिवस मावळायच्या सुमारास, त्या बाईचा नवरा मागच्या दारी आला. हातात पळसाच्या पानाची पुडी.

“बाई, तुमचा वाटा.”

त्यांच्यात रीत अशी की रानात काही मिळालं की जितक्या चुली तितके वाटे. आजाऱ्याचा, म्हाताऱ्याचा, गावाला गेलेल्याचासुद्धा. वाट्यातून वगळणं म्हणजे माणसांतून वगळणं. ज्याला सापडलं त्याचा मान वेगळा. काळीज आणि कोथळा त्याचा, तो त्याने तिथेच निखाऱ्यावर भाजून खायचा. त्या दिवशी त्यांनी पाच चुलींचे सहा वाटे केले होते आणि सहावा माझा होता. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. पण मी मास्तरीण. आधी रागावलेच.

“अरे, फास लावलास होय? आत्ताच कुठे तुमचं प्रकरण निस्तरलंय मी!”

“नाय बाई, आईशप्पत फास नाय. मक्याच्या बांधावर ससा बसला व्हता. बायकोनं हातानं उचलला. पळालाच नाय.”

पुडी माझ्या हातातून खाली पडली. “कधी उचलला?”

“दुपारला.”

“खाल्लं कुणी?”

“मांस आता चुलीवर हाय. तिनं काळीज-कोथळा खाल्ला भाजून, तिला गावला ना.”

“ती कुठंय?”

“खोलीत पडलीय. डोकं दुखतंय म्हनली.”

मी चप्पलही घातली नाही. गुडघे बदललेली बाई मी, पण त्या दिवशी कांद्याच्या वाफ्यांतून, ओल्या सऱ्यांतून अशी धावले की तो मागे राहिला. वाटेत पालं लागली. चुलींवर पातेली रटरटत होती, पोरं ताटल्या घेऊन बसलेली. समजावत बसायला वेळ कुठे होता! पहिलं पातेलं मी पायाने उलटं केलं. दुसरं काठीने. बायका किंचाळल्या. एका म्हातारीने माझा पदर धरून मला मागे ओढलं आणि “बामनीण माजली,” म्हणून शिवी हासडली. मी बामनीण नाही, पण ते सांगायची ती वेळ नव्हती. “विष आहे! सशात विष आहे! खाऊ नका!” एवढंच ओरडत राहिले. मागून तिचा नवरा पोहोचला, त्याने त्यांच्या बोलीत काहीतरी ओरडून सांगितलं आणि उरलेली पातेली त्यानेच लाथाडली.

खोलीत ती भिंतीशी पाय पोटाशी घेऊन पडली होती. थंडी मरणाची आणि तिच्या अंगातून घामाच्या धारा. तोंडातून लाळ गळत होती, छातीत घरघर. मोबाईलच्या उजेडात डोळे पाहिले. बाहुल्या मोहरीएवढ्या बारीक. माझ्या विज्ञानाने मला त्या क्षणी सगळं सांगितलं, आणि हेही सांगितलं की दहा-बारा दिवसांपूर्वी तुला माहीत होतं.

दिरांनी जीप काढली. मागे तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायाशी तिचा नवरा. तिला एका कुशीवर धरून मी लाळ पुसत होते. अर्ध्या वाटेत दीर समोर बघतच म्हणाले, “वहिनी, शिळं खाल्लं म्हणून सांगू. काय?”

मी तिची लाळ पुसत राहिले. बोलले असते तर त्यांच्या हातातलं स्टिअरिंग हललं असतं.

दवाखान्यातला डॉक्टर तरुण होता. तिला पाहताच त्याने नर्सला हाका मारल्या आणि आमच्याकडे वळून विचारलं, “काय पोटात गेलंय? औषधाचं नाव सांगा, पाकीट असेल तर दाखवा. लवकर.”

दीर म्हणाले, “शिळं...”

“शिळं नाही!” मी इतक्या जोरात ओरडले की वऱ्हांड्यातली माणसं उठून उभी राहिली. “मक्यावर टाकलेलं विषारी आमिष. ते सशाने खाल्लं आणि सशाचा कोथळा हिने खाल्ला. भाऊजी, औषधाचं नाव सांगा.”

“वहिनी, केस होईल. मी आत जाईन.”

“मग मीही येते! कृती मी वाचून दाखवली, तितरं मी पाहिली, गप्प मी बसले. दोघं मिळून जाऊ. पण ही मेली ना भाऊजी, तर तुमच्या घरचं पाणी पिणार नाही मी. नाव सांगा!”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “काय करानं आते,” आता काय करायचं, एवढंच अहिराणीत पुटपुटले, आणि जर्किनच्या आतल्या खिशातून पाकीट काढून डॉक्टरच्या हातात दिलं. निघतानाच त्यांनी ते खिशात घातलं होतं. अख्ख्या वाटेत ते पाकीट त्यांच्या छातीशी होतं आणि तोंडी मात्र ‘शिळं खाल्लं’ होतं. इतका वेळ त्या माणसाच्या मनात काय चाललं असेल, देव जाणे. मला त्यांचा संताप आला आणि त्यांची कीवही आली.

इंजेक्शनं सुरू झाली. मग अँब्युलन्सने नाशिकला हलवलं. अकरा दिवस ती दवाखान्यात होती, त्यातले चार श्वासाच्या नळीवर. मी गंगापूर रोडच्या घरातून रोज पेज घेऊन जायचे, ती बाहेर बाकावर तिच्या नवऱ्याला द्यायचे. पोलीस आले, जबाब झाले. मी जे होतं ते सांगितलं. दिरांनीही सांगितलं, आणि न लपवता सांगितलं, हे मी कबूल करते. गावी जाऊन त्यांनी बांधावरचा कोंडा खुरप्याने मातीसकट खरवडला आणि खोल खड्ड्यात पुरला. शेजारच्या शिवारांत जाऊन हात जोडून सांगितलं. काहींनी ऐकलं. काही म्हणाले, मग अळीचं काय करू, तुझी वहिनी येणार का वेचायला?

मी ग्रामपंचायतीत गेले, म्हटलं वही द्या, मला चुकीचं दुरुस्त करायचंय. ग्रामसेवक म्हणाले, ठराव झालाय मॅडम, आता पुढच्या ग्रामसभेला बघू. आणि वर हळूच, “कशाला उकरताय? हवामानच बरं होतं.”

ती वाचली. पण महिन्याभराने पायांत मुंग्या यायला लागल्या, मग पोटऱ्यांतला जोर गेला. डॉक्टर म्हणाले, अशा विषाने कधी कधी मागाहून असं होतं, सुधारेल किंवा नाही, वेळ लागेल. उकिडवं बसणं सोडाच, तिला भिंत धरल्याशिवाय उभं राहता येईना. दिरांनी खोली कायमची तुमचीच म्हणून सांगितलं. जाऊबाईंनी दोन वेळचं जेवण धाडलं. तिच्या नवऱ्याने ऐकून घेतलं आणि गावाकडे निरोप पाठवला, न्यायला या.

जायच्या दिवशी सकाळी मी खोलीत तिच्याजवळ बसले. म्हटलं, आता नाही सांगितलं तर कधीच सांगू शकणार नाही.

“मला माहीत होतं,” मी म्हटलं. “बांधावर विष आहे हे मला तुझ्या आधी माहीत होतं. कुणाला बोलले नाही. बोलले असते तर भांडण पेटलं असतं आणि शेवटी सगळं तुमच्यावर ढकलून गावाने तुम्हाला काढून दिलं असतं. ही खोली गेली असती तुझी. म्हणून गप्प बसले.”

तिने माझ्याकडे पाहिलं. डोळ्यांत राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, मला रागाची सवय आहे.

“काढून दिलं असतं ना बाई,” ती म्हणाली, “तर माज्या पायानं गेले असते.”

बाहेर जीप आली. नवऱ्याने तिला दोन्ही हातांवर उचललं आणि नेऊन मागच्या सीटवर बसवलं.